किल्ल्यावरचं गोडं पाणी

मी तीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधायची, लिटरच्या मापाचं आत ठोकलेलं बूड बोटाने चाचपायचं, हे माझं काम. दुकानात पाऊल ठेवताच जो "साहेब, चहा घेणार?" म्हणतो त्याचं माप हमखास खोटं, हा माझा अनुभव. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, नजर काही सुटली नाही. आमची आशालता म्हणते, तुम्ही देवळात तीर्थाच्या पळीकडेसुद्धा माप तपासल्यासारखं बघता. बघतो, खोटं कशाला बोलू?

याच नजरेपायी आमच्या अश्लेषाची दोन स्थळं मोडली. पहिल्या मुलाने वय दोन वर्षं कमी सांगितलं होतं, ते मी त्याच्या शाळेत जाऊन काढलं. दुसऱ्याबद्दल महिनाभर चौकशी करूनही काहीच सापडलं नाही. काहीच सापडत नाही म्हणजे फार खोल लपवलेलं असणार, असं मी ठरवलं आणि नकार कळवून टाकला. ते स्थळ चांगलं होतं म्हणे. त्या मुलाला आता जुळी मुलं आहेत, हे आशालता मला अधूनमधून ऐकवते.

तिसऱ्या वेळी अश्लेषाने मुलगा स्वतःच निवडला. सुरज नावाचा, वटारचा, तिच्याबरोबर अंधेरीच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. घरची शेती, केळीची वाडी. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, मी सत्तावीस वर्षांची आहे. हेही मोडलंत, तर माझ्या लग्नाचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही." पोरगी आवाज चढवत नाही, पण बोलते ते करते. त्यात ती माझ्यावरच गेली आहे.

"मी कशाला मोडीन?" मी म्हणालो. "फक्त बघून घेईन."

आशालताने कपाळाला हात लावला.

बघून घ्यायची वेळ आली ती अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत. मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं, ही आपल्याकडची साधी रीत. भिंती बघायच्या, माणसं बघायची, न्हाणीघरात एकदा डोकवायचं. पण सुरजच्या वडिलांचा, धर्माभाऊंचा, निरोप आला की घर रंगवायला काढलंय, तेव्हा रविवारी अर्नाळ्याला या, तिथून होडीने किल्ल्यावर जाऊ. किल्ला म्हणजे अर्नाळ्यासमोरचं बेट. तिकडचे लोक अख्ख्या बेटालाच किल्ला म्हणतात. तिथे आमची जुनी वाडी आहे, किनाऱ्यावर फिरा, जेवा, संध्याकाळी परत.

"किती छान!" अश्लेषा म्हणाली.

"घर का नको?" मी म्हणालो.

"अहो, रंग काढलाय म्हणाले ना," आशालता म्हणाली.

"फेब्रुवारीत? लोक दिवाळीला रंग काढतात." कुठेतरी पाणी मुरत होतं, याबद्दल माझी खात्री झाली.

त्या दिवसांत प्रवाशांना गुंगीची बिस्किटं खायला घालून लुटल्याच्या बातम्या पेपरात सारख्या यायच्या. इथे तर मुलगाच औषधाच्या प्रयोगशाळेतला. रविवारी पहाटे उठून मी स्वतः पाणी उकळलं, दोनदा फडक्यातून गाळलं आणि दोन बाटल्या भरून पिशवीत टाकल्या. वसईच्या पूर्वेला तेव्हा नळाचं पाणी नावालाच होतं, जिकडेतिकडे टँकर. एव्हरशाईन सिटीत राहायला आलो त्याच वर्षी सोसायटीने मला सेक्रेटरी केलं आणि टँकर ठरवायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. काठी बुडवून मापल्याशिवाय मी एकही टँकर खाली करू देत नसे. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तिघं आमची वाट बघत उभी होती. धर्माभाऊ साठीचे, काटक, पांढरा सदरा आणि डोक्याला टोपी. सत्यवतीबाई हिरव्या नऊवारीत, काखेत पितळेची कळशी, कळशीच्या तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं. आणि सुरज. मुलगा दिसायला बरा होता, वाकून नमस्कारही केला. मी आशीर्वाद देता देता त्याची नखं बघून घेतली, मग धर्माभाऊंची. घर रंगवायला काढलं की घरातल्या माणसाच्या नखात थोडा तरी चुना सापडतो. या दोघांची नखं धुतल्यासारखी साफ.

"रंग कुठला लावताय?" मी सहज विचारलं.

"पिवला," धर्माभाऊ म्हणाले.

"निळा," सुरज त्याच क्षणी म्हणाला.

बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. मी आशालताकडे बघितलं. तिने समुद्राकडे बघितलं.

होडीत चढायला गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं. मी पँट दुमडली आणि धोतर सावरणाऱ्या भटजीसारखा एकेक पाय टाकत गेलो. होडी हलायला लागली तशी सत्यवतीबाईंनी कळशी मांडीवर घेऊन घट्ट धरली. "द्या, मी धरतो," मी म्हणालो. त्यांनी ती पटकन बाजूला घेतली. "नको, ऱ्हाव द्या." कळशी रिकामी होती, हे तिच्या हलकेपणावरून कळत होतं. रिकाम्या कळशीला एवढं जपायचं काय? त्यातच धर्माभाऊ सारखे विचारत, "सायब, तहान लागली का? ऊन हाय. तहान लागली असंल." दहा मिनिटांत तीनदा. दर वेळी विचारून झालं की ते बायकोकडे बघत आणि बायको मान हलवी.

बेटावर उतरलो आणि कोळ्यांच्या घरांमधून, तटाच्या कडेने पलीकडच्या अंगाला गेलो. आता जे खरं ते सांगतो. असा किनारा मी आयुष्यात पाहिला नव्हता. माणूस नाही, भेळवाला नाही, घोडा नाही, कागदाचा कपटा नाही. ओली वाळू लांबवर पसरलेली आणि तिच्यावर चिंबोऱ्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी. ताडांची सावली, मागे काळा तट, पुढे नुसतं पाणी. लाटांचा आवाज इतका हळू की आशालता बोलली तर तो ऐकू येईना. तिने चपला हातात घेतल्या आणि पोरीसारखी पाण्याच्या कडेने चालायला लागली. अश्लेषा आणि सुरज तिच्या मागे शिंपले वेचत निघाले. पोरगी हसत होती. घरात ती असं हसलेलं मला कितीतरी दिवसांत आठवत नव्हतं, आणि माझ्या छातीत काहीतरी सैल झालं.

लगेच मी स्वतःला सावरलं. मुंबईपासून दोन तासांवर इतकी सुंदर, इतकी स्वच्छ जागा मोकळी शिल्लक राहते म्हणजे काहीतरी कारण असणारच. शिवाय सोयरीक करायला आलेल्या माणसाला इतकी सुंदर जागा दाखवायची म्हणजे त्याचं लक्ष कशावरून तरी उडवायचं असणार. दुकानदार नाही का, काटा हलत असताना तुमच्या मुलांची चौकशी करतो?

तटाच्या सावलीत धर्माभाऊंच्या आज्याची वाडी होती. चार नारळ, थोडी वांगी आणि मधोमध दगडी काठाची विहीर. सत्यवतीबाईंनी चपला लांब काढल्या, कळशीचं फडकं सोडलं, स्वतःच्या हाताने पाणी शेंदून कळशी विसळली आणि पुन्हा भरली. मग तांब्या भरला. धर्माभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. सुरज हात जोडून उभा राहिला. बाई तांब्या दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर आल्या.

"घ्या पावनं," त्या म्हणाल्या. "आमचे घरचं पानी."

एका तांब्यासाठी एवढी गंभीर तोंडं! आणि घर राहिलं वटारला, घरचं पाणी कुठलं इथे? चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधल्या विहिरीचं पाणी म्हणे गोडं. मी हात वर केला. "नको नको. आम्ही आमचं पाणी आणलंय." पिशवीतून बाटली काढून दाखवलीही. "उकळून, गाळून. बाहेरचं आम्ही घेत नाही."

सुरजने जोडलेले हात खाली केले. आशालताने तांब्यासाठी हात पुढे केला होता, तिच्या हातात मी माझी बाटली दिली. तिने ती घेतली आणि नुसती धरून उभी राहिली.

"एक घोट," धर्माभाऊ म्हणाले. "सायब, एक घोट घ्या."

आता तर आग्रह! "माफ करा," मी म्हणालो. "तत्त्व म्हणजे तत्त्व."

सत्यवतीबाईंनी तांब्यातलं पाणी सावकाश नारळाच्या बुंध्याशी ओतलं. मग कळशीतलंही ओतलं. धर्माभाऊंनी टोपी घातली आणि म्हणाले, "ठीक हाय. जशी तुमची मर्जी." मी मनात म्हटलं, पकडले गेले.

जेवण मात्र त्यांनी व्यवस्थित वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटाची चटणी. सुरजने पहिला घास खाल्ला, तो गिळेपर्यंत मी थांबलो आणि मग जेवलो. चटणी फर्मास होती. ती माणसं मात्र ताटावर नुसती बसून होती. परतीच्या होडीत कोणी मला तहान लागली का म्हणून विचारलं नाही. अश्लेषा पुढच्या टोकाला बसली होती आणि अर्नाळा येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी रात्री ती फोनवर सुरजशी बराच वेळ बोलली. मग आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मंगळवारी आशालताची दाढ दुखायला लागली, म्हणून अश्लेषा रजा टाकून तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोघी तिन्हीसांजेला परत आल्या. वटारहून मात्र काही निरोप नाही. बुधवार गेला, शुक्रवार गेला. "बघ," मी आशालताला म्हणालो, "चोराच्या मनात चांदणं. गप्प बसले की नाही?" ती म्हणाली, "जेवून घ्या." अश्लेषा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मला वाईट वाटत होतं, पण वाटायचं की एकदा पुरावा समोर ठेवला की पोरगी आपण होऊन म्हणेल, बाबा, तुम्ही वाचवलंत.

तो पुरावा आणायला मी पुढच्या रविवारी एकटाच वटारला गेलो. विचारत विचारत धर्माभाऊंच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि लांबूनच मला घर दिसलं. भिंतींना जुना चुना, ठिकठिकाणी पोपडे आलेले. रंगाचा पत्ता नाही. ना पिवळा, ना निळा. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात पंचनामा लिहायला घेतला.

गल्लीत एक टँकर उभा होता, बाजूच्या वाडीत मोटार घरघरत होती आणि जाड पाइपातून टँकर भरत होता. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर एक म्हातारेबुवा पान लावत बसले होते. नाव फर्डिनंड, घर समोरच. मी धर्माभाऊंची चौकशी केली तशी त्यांनी मला वरून खाली बघितलं.

"किल्ल्यावर पानी नको म्हणाले ते पाहुणे तुम्हीच काय?"

मी चपापलो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे. धर्मा दोन दिवस वाडीत गेला नाही. एवढा अपमान त्याचा कोणी केला नव्हता."

"अपमान? साधं पाणी नको म्हटलं मी."

"साधं?" फर्डिनंडबाबांनी पान तोंडात घातलं, चावलं, आणि मला शाळेतल्या ढ मुलाला सांगावं तसं सांगितलं. धर्माच्या घरात सोयरीक पाण्यावर ठरते. मुलीच्या आईबापाला घरच्या विहिरीचं पाणी द्यायचं. घेतलं तर होकार, नको म्हटलं तर नकार, आणि मग त्यावर एक शब्द बोलायचा नाही. आधी सांगायचंही नाही, कारण सांगून पाजलेलं पाणी खरं नव्हे. "सत्यवतीच्या बापाने या इथल्या विहिरीवर पानी घेतलं, तेव्हा मी होतो तिथे. बँडवाल्याला मीच बोलावलं."

"मग आम्हाला इथेच का नाही बोलावलं? किल्ल्यावर कशाला नेलं? रंगाचं खोटं का सांगितलं?"

"इथलं पानी तोंडात घेऊन बघा, मग विचारा." त्यांनी मोटारीच्या दिशेने मान वेळावली. "आजूबाजूला वाडीवाडीत मोटारी लागल्या. दिवसाला पन्नास टँकर. गोडं पानी वर गेलं, खालून खारं आलं. दोन वर्षं झाली, धर्माच्या घरी चहात दूध फाटतं. तो स्वतः पानी विकत नाही हो, एक थेंब नाही. पण विहीर तर त्याचीही गेली. खारं पानी पाहुण्याच्या हातावर कसं घालणार? लाज वाटली त्याला. आज्याची ती एकच विहीर गोडी राहिली आहे."

पाइप काढला गेला, टँकर हलला आणि आमच्यासमोरून वळला. मागच्या व्हॉल्व्हला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. ती ट्यूब मीच गुंडाळायला लावली होती, गळतीवरून ड्रायव्हरशी तासभर भांडून. आमच्या सोसायटीचा रोजचा टँकर. ड्रायव्हरने मला पाहिलं आणि सलाम केला.

दिवसाला आम्ही दोन घेत होतो. मी काठी बुडवून मापायचो, चव बघायचो, आणि जिन्यात भेटेल त्याला सांगायचो की आपलं पाणी पूर्वेत सगळ्यात गोडं. ते कुठून येतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. किराणा दुकानातल्या छटाकभर चिंचेवर मी तीस वर्षं लक्ष ठेवलं, आणि कुणाची अख्खी विहीर माझ्या दारात येऊन खाली होत होती. किल्ल्यावर मी ज्या बाटलीची ऐट मिरवली, त्या बाटलीत याच मातीतलं पाणी होतं. लाज कशाला म्हणतात ते मला त्या मोरीवर कळलं, साठाव्या वर्षी.

फर्डिनंडबाबांना नमस्कार करून मी तसाच धर्माभाऊंच्या ओटीवर चढलो. धर्माभाऊ सूप दुरुस्त करत बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. सत्यवतीबाई आतून आल्या आणि दारातच थांबल्या.

"वहिनी," मी म्हणालो, "मला पाणी द्या. घरचं."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "खारट हाय वो. तुमाला नाय जानार."

"द्या."

त्यांनी तांब्या आणला. मी उभ्यानेच तोंडाला लावला. पहिला घोट घशाखाली उतरेना, तरी मी सगळा तांब्या रिकामा केला. मग बाहीने तोंड पुसलं. रस्त्यापासून इथपर्यंत येताना मनात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. "धर्माभाऊ, चूक माझी आहे. मला रीत माहीत नव्हती, पण तेवढंच नाही. मी तुमच्यावर संशय घेतला. तुमची नखंसुद्धा तपासली. माझ्या पापाची शिक्षा पोरीला देऊ नका. मी होकार द्यायला आलोय." आता धर्माभाऊ मला मिठी मारतील, अशी माझी अपेक्षा होती.

धर्माभाऊ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले.

"होकार तं आला, सायब," ते म्हणाले. "मागचे मंगलवारी."

"कुणाचा?"

"आशाबाईंचा," सत्यवतीबाई म्हणाल्या. "अश्लेषाला घेऊन त्या किल्ल्यावर आल्या, आमालाबी बोलावलं. सुरजकडून त्यांना सगलं कललं व्हतं. मी कलशी उचलली तं त्यांनी हात पुढे केले न् म्हनाल्या, सत्यवतीबाई, मला पानी द्या. आमचेत सांगून पाजलेलं चालत नाय, पन त्यांनी मागून घेतलं. मागनाऱ्याला कोन नाय म्हनंल? पाडव्याला साखरपुडा ठरलाय."

मंगळवारी. म्हणजे दाढ नव्हती, डॉक्टर नव्हता. दोघी मायलेकी होडीत बसून समुद्र ओलांडून गेल्या, पाणी पिऊन आल्या, रात्री मला आमटी वाढली, आणि मला, वजनमापे खात्याच्या इन्स्पेक्टरला, वासही लागला नाही. आधी राग आला. मग पोरीचं लग्न ठरलं म्हणून भरून आलं. सगळ्यात शेवटी जे आलं त्याला नाव नाही, पण ते घशातल्या पाण्यापेक्षा खारट होतं.

"मला कधी सांगणार होत्या?" मी विचारलं.

सत्यवतीबाईंनी पदर सारखा केला. धर्माभाऊ खोकले.

"सांगा हो. मी रागावणार नाही."

"साखरपुड्याचे आदले दिशी," सत्यवतीबाई हळूच म्हणाल्या. "म्हनाल्या, त्यांना आधी कललं तं मोडतील."

नाही, मी मोडलं नसतं, एवढंच म्हणायचं होतं. धर्माभाऊ आणि सत्यवतीबाई दोघंही माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. मी दोनदा तोंड उघडलं, पण ते वाक्य काही माझ्याने म्हणवेना.